डाव्या चाकाची खरखर

एकदा एक मोटार घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गॅरेजात आली. तिच्या पुढच्या चाकातून जाते ओढल्यासारखा आवाज येत होता, आणि त्या आवाजाने तिच्या मालकाची झोप उडाली होती. मालक गुळाचा व्यापारी. माणूस मनाने चांगला, पण बोलण्याला लगाम नव्हता. इंजिन बंद होण्याआधीच त्याचे तोंड सुरू झाले.

“मेस्त्री, काय सांगू तुमाला! सावकाश चालवली तर गुरगुरतंय, पळवली तर घरघरतंय, आणि उजवीकडं वळण घेतलं की नुसतं दळण चालू. पोरीच्या सासरी कार्य हाय, घाट चढून पलीकडं जायचंय. निम्म्या घाटात चाक निखळलं म्हंजे?”

“चाक असं निखळत नसतंय, मालक. बघूया की,” कल्लाप्पा म्हणाला. पण त्याचे अर्धे लक्ष भिंतीवरच्या खिळ्याकडे होते. त्या खिळ्याला त्याच्या कपड्यांची पिशवी टांगलेली होती.

कल्लाप्पा हा त्या गॅरेजातला शिष्य. शिष्य म्हणजे कोवळा पोरगा असे कुणी समजू नये, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे होऊ लागले होते. मिसरूड फुटण्याआधी तो इथे आला आणि वस्तादांच्या हाताखाली मोठा झाला. आज मात्र त्याचा इथला अखेरचा दिवस होता. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात त्याने काम धरले होते. एवढी गाडी दुरुस्त करायची, हात धुवायचे आणि संध्याकाळच्या एसटीने निघायचे, असे त्याने ठरवले होते. वस्तादांना त्याने हे सांगितले नव्हते आणि सांगणारही नव्हता.

ज्याने हाताला धरून विद्या दिली त्याला न सांगता निघून जाणे ही काही साधी गोष्ट नव्हे. पण कल्लाप्पाच्या मनात एक अढी होती. ती समजायची तर आधी वस्तादांची आणि त्या गॅरेजाच्या रिवाजाची ओळख करून घ्यावी लागेल.

तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला हमरस्ता, एवढेच ते गॅरेज. पण घाट चढण्याआधी जाणते ड्रायव्हर तिथे थांबत. वस्तादांना गाडीचे बोलणे समजते, अशी त्यांची ख्याती होती. गाडी चालू करायची, वस्ताद येऊन तिच्या पत्र्यावर तळहात टेकायचे, डोळे मिटायचे, आणि त्या क्षणी सगळे गॅरेज स्तब्ध व्हायचे. हातोड्या थांबत, चहा घेऊन आलेला माणूस जागच्या जागी उभा राही, गाडीचा मालक खोकला आला तरी दाबून धरी. “वस्ताद ऐकत्यात,” असे कुणीतरी नव्या माणसाला कुजबुजून सांगे. मग वस्ताद डोळे उघडून नेमके बोट ठेवीत, आणि ते बोट सहसा चुकत नसे.

वस्ताद कामात असताना त्यांना हाक मारायची नाही, त्यांच्या तोंडासमोर उभे राहून बोलायचे नाही, असाही रिवाज होता. शिष्याने मागे उभे राहायचे, मान खाली ठेवायची आणि मागे आलेल्या हातात मागितलेला पाना ठेवायचा. कल्लाप्पाने हे सगळे इमानाने पाळले. आदर ही तशी फार सोयीची गोष्ट आहे. मान खाली घातली की समोरच्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी संपते, आणि पाहिले नाही याचा दोषही कुणी देत नाही. मला तरी असल्या आदराचा मनस्वी राग येतो, आणि का येतो ते पुढे कळेलच.

आता ती अढी. कल्लाप्पाला लग्नानंतर बरीच वर्षे मूल नव्हते. मग एकदाचे दिवस राहिले. पहिले बाळंतपण म्हणून बायको रीतीप्रमाणे माहेरी निघाली, दूर विजापूरकडच्या गावी. निघताना वस्तादांनी स्वतः तिला जीपमध्ये नीट बसवून दिले आणि खड्ड्यांतून जपून ने म्हणून ड्रायव्हरला इतके बजावले की तो वैतागला. मूल जन्मले ते निष्प्राण. मुलगी होती. कल्लाप्पाने तिला तिकडच्याच मातीत ठेवले आणि तो एकटा परत आला. गावात तो कुणाशी बोलला नाही. त्याला बोलायचे होते ते एकाच माणसाशी.

वस्ताद त्या वेळी एका जीपच्या चाकाशी वाकून बसले होते. कल्लाप्पा नेहमीसारखा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मान खाली घालून तो पुटपुटला, “वस्ताद, पोरगी झाली. मेलेलीच झाली.”

वस्तादांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने त्यांचा हात मागे आला आणि ते म्हणाले, “चौदाचा पाना दे.”

कल्लाप्पाने चौदाचा पाना दिला. त्या दिवसापासून त्याने त्या माणसाला कामापुरते सोडून बाकी सगळे देणे बंद केले. मान वळवायला काय झाले होते? एवढा कसला तोरा? हे दोन प्रश्न त्याच्या मनात येता-जाता फिरत राहिले. पुढे एकदा वस्तादांनी विचारले, “घरात समदं बरं हाय न्हवं?” तेव्हा त्याने नजर चुकवून “हाय की,” एवढेच उत्तर दिले. वस्तादांनीही मग विचारणे सोडले. गावाला काय झाले ते हळूहळू कळले. पण वस्तादांना ते वेगळे जाऊन सांगावे असे कुणालाच वाटले नाही. त्यांना तर सगळ्यांच्या आधी कळले असणार, असेच जो तो धरून चालला. कल्लाप्पाच्या बायकोने मात्र त्यानंतर गॅरेजच्या दिशेने पाऊल टाकले नाही.

अशी कित्येक वर्षे गेली. वस्तादांचा आवाज हल्ली चढा झाला होता, ते तुटक बोलत, कधी कुणाला उत्तरच देत नसत. म्हातारपणी माणूस तापट होतो, असे लोक म्हणत. कल्लाप्पाने शहरात काम शोधले.

म्हणूनच गूळव्यापाऱ्याची गाडी त्याने वस्तादांना न दाखवता हातात घेतली. जाता जाता एकदा तरी, या न वळलेल्या पाठीची आपल्याला गरज नाही, हे त्याला स्वतःलाच दाखवायचे होते. वस्ताद कोपऱ्यात लाकडी स्टुलावर बसून एक जुना जॅक पुसत होते. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा बडबडणाऱ्या मालकाच्या तोंडाकडे, एकदा कल्लाप्पाकडे पाहिले, आणि पुन्हा जॅक पुसू लागले.

कल्लाप्पाने मालकाला शेजारी घेऊन गाडी रस्त्यावर फिरवली. शेजारच्या सीटपाशी, पायाखाली, गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या आणि मालक त्यांच्यावर पाय ठेवून बसला होता. ब्रेक दाबला तरी आवाजात फरक पडेना, म्हणजे दोष ब्रेकचा नव्हता. गाडी न्यूट्रलला सोडली तरी आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिनाचाही नव्हता. उजवीकडे वळवली की मात्र खरखर दुप्पट होई आणि ऐकू येई ती उजवीकडूनच. कल्लाप्पाने मनाशी निकाल दिला. उजव्या चाकाचे बेअरिंग गेले.

त्याने उजवे चाक उतरवले. ब्रेकच्या डिस्कमागे खडा अडकलेला नाही ना, ते पाहिले. मग सगळे सोडवून जुने बेअरिंग काढले, नवे नीट दाबून बसवले आणि चाक चढवले. काम चोख झाले होते. गाडी रस्त्यावर घेतली आणि पहिल्याच वळणावर तीच खरखर पुन्हा सुरू झाली.

“हे तर तसंच हाय की हो,” मालक म्हणाला.

कल्लाप्पाने चाक पुन्हा उतरवले. बसवण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा तपासले, पुन्हा चढवले, पुन्हा फेरी मारली. आवाज हटायला तयार नव्हता. मालक आता बोलायचा थांबला होता, आणि बोलक्या माणसाचे गप्प बसणे फार टोचते. कल्लाप्पा चाकाशेजारी जमिनीवर बसला. इतकी वर्षे आपण इथे काय केले? ऐकायचे काम वस्तादांचे आणि खोलायचे काम आपले. आपण नुसते हात झालो, कान झालोच नाही. उद्या शहरात जाऊन काय दिवे लावणार? ज्या माणसावर रुसून आपण निघालो आहोत त्याच्याशिवाय आपल्याला एक चाकही कळत नाही, आणि त्या माणसाला आपण मेलो काय, जगलो काय, सारखेच. त्याला वाटले, आपल्या आयुष्यातले काहीच आता दुरुस्त होणार नाही. तो बसूनच राहिला.

तेवढ्यात वस्ताद स्टुलावरून उठले. कुणी काही न सांगता ते आले आणि भंगाराच्या डब्यातून त्यांनी कल्लाप्पाने काढून टाकलेले उजवे बेअरिंग उचलले. फडक्याने पुसले, बोटात अडकवून फिरवले आणि कल्लाप्पाच्या हातावर ठेवले.

“हे चांगलं हुतं,” ते म्हणाले.

मग ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि त्यांनी डाव्या चाकाखाली जॅक लावला. मालक ओरडला, “अवो वस्ताद, आवाज उजवीकडं हाय! डावं कशाला उचलताय?” वस्तादांनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. डावे चाक जमिनीवरून अधांतरी झाल्यावर त्यांनी कल्लाप्पाला खुणेने बोलावले. पुसायच्या कापसाचे दोन बोळे वळून ते त्यांनी त्याच्या दोन्ही कानांत घट्ट कोंबले. कल्लाप्पा चक्रावला. आवाज शोधायचा आणि कान बंद करायचे, हे काय खूळ? पण वस्तादांनी त्याचा हात धरून चाकामागच्या स्प्रिंगवर नेला, त्याच्या बोटांची टोके तिच्यावर टेकवली आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवले.

कल्लाप्पाला काही ऐकू आले नाही. पण बोटांना कळले. पिठात वाळू असावी तशी बारीक, एकसारखी कचकच स्प्रिंगमधून बोटांत शिरत होती. त्याने डोळे मिटून घेतले. चाक थांबले की ती थांबे, फिरवले की पुन्हा येई. दोष इथेच होता आणि इतका उघड होता की त्याला स्वतःची लाज वाटली. तो बराच वेळ तसाच स्प्रिंगला बोटे लावून बसला, चाक स्वतःच फिरवत.

अचानक कुणीतरी त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. मालक होता. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ भराभर हलत होते. कल्लाप्पाने कानातले बोळे काढले.

“कवाधरनं हाका मारतोय मी!” मालक ओरडत होता. “किती वेळ लागंल एवढंच विचारतोय न्हवं? मान वळवायला काय होतंय तुमाला? एवढा कसला तोरा?”

“कानात कापूस हुता, मालक,” कल्लाप्पा म्हणाला. “ऐकू आलं न्हाई. गैरसमज करून घेऊ नका.”

मालक वरमला. “असं हाय व्हय,” म्हणून बाजूला झाला. वस्तादांनी जमिनीवर पडलेले बोळे उचलून खिशात टाकले आणि ते कल्लाप्पाकडे बघून बोलू लागले.

“आवाज लई भटक्या असतोय, लेका. जलमतोय एकीकडं, मग लोखंडातनं, पत्र्यातनं फिरतोय आणि वाट गावंल तिथनं भाईर पडतोय. कानाला ऐकू येतंय ते त्याचं दार, घर न्हवं. उजवीकडं वळलास की गाडीचा समदा भार डाव्या चाकावर पडतोय. ज्याच्यावर भार, ते रडतंय. त्यात ह्या मालकाच्या ढेपा कुठल्या अंगाला हायत बघ. तू वळणाकडं बघिटलंस, भाराकडं बघिटलं न्हाईस. म्हणून चांगल्या चाकाला खोललंस.”

कल्लाप्पाने डावे बेअरिंग काढायला घेतले. हात सरावाने चालत होते, पण मालकाचे शब्द डोक्यातून जाईनात. मान वळवायला काय होतंय तुमाला? एवढा कसला तोरा? हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. इतकी वर्षे तो स्वतः ते मनात घोळवत आला होता. आणि आज ते त्यालाच ऐकावे लागले, तेही त्याचा काही अपराध नसताना. ते इतके का लागावेत, हे त्याला नीट उमगत नव्हते. एक शंका मात्र मनाच्या दाराशी येऊन उभी होती, आणि तिला आत घ्यायची त्याची छाती होत नव्हती.

निघालेले बेअरिंग खडबडीत झाले होते. नवे बसले, चाक चढले, गाडी रस्त्यावर गेली. उजवे वळण, डावे वळण, उतार, सगळीकडे गाडी लोण्यासारखी चालली. मालकाचे तोंड पुन्हा सुरू झाले, त्याने दोघांना तोंड भरून दुवा दिला, कल्लाप्पाच्या हाती गुळाची एक ढेप जबरदस्तीने ठेवली आणि निघायला म्हणून तो गाडीत बसला.

गाडी मागे घेऊन रस्त्यावर काढायची होती. वस्ताद मागच्या बाजूला गाडीकडे पाठ करून उकिडवे बसले होते आणि सांडलेली हत्यारे गोळा करत होते. मालकाने हॉर्न दिला. मग जोरात दिला. हॉर्न ऐकून म्हातारा बाजूला होईल अशा समजुतीने त्याने गाडी मागे सोडली. वस्ताद शांतपणे एकेक पाना फडक्यावर मांडत होते. हॉर्न वाजतच होता, गाडी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर आली आणि तरी त्यांची पाठ तसूभरही हलली नाही.

कल्लाप्पाच्या हातातली ढेप खाली पडली. त्याने धावत जाऊन वस्तादांना दंडाला धरून बाजूला ओढले. दोघेही मातीत पडले. गाडी जिथे थांबली तिथे क्षणापूर्वी वस्ताद बसलेले होते. मालक पांढराफटक होऊन उतरला, हात जोडू लागला. कल्लाप्पाने त्याला कसेबसे समजावून वाटेला लावले.

मग तो वस्तादांच्या समोर जाऊन बसला. समोर, तोंडासमोर. इतक्या वर्षांत तो असा कधी बसला नव्हता. वस्तादांचे डोळे त्याच्या डोळ्यांवर नव्हते. ते त्याच्या ओठांवर होते, आणि हे तो आज पहिल्यांदा पाहत होता.

“कवापासनं?” त्याने विचारले.

वस्तादांनी आधी कपड्यांवरची माती झटकली. काय कवापासनं, असे विचारून वेळ मारून नेण्याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून जाऊन आला. मग ते म्हणाले, “लई वरसं झाली.”

“सांगितलं का न्हाईसा?”

“लोक हितं माझ्या कानासाठी येत्यात. बहिऱ्याकडं गाडी कोण आणंल? आणि मलाच कुठं लवकर कळलं? मी गाडीला हात लावला की तुमी समदी गप व्हायचासा. ती गप तुमची का माझ्या कानाची, मला कसं उमजावं? हाताला कळत हुतं, म्हणून कानाचं काही वाटलं न्हाई. कळलं तवा समदं गेलं हुतं.”

आता ते विचारायलाच हवे होते. “एकदा तुमी जीपच्या चाकाशी बसला हुतासा. मी तुमच्या मागं उभा राहून एक सांगिटलं हुतं.”

“काय सांगिटलं हुतंस?”

एक दुःख पुन्हा सांगणे किती कठीण असते ते ज्याच्यावर वेळ आली तोच जाणे. त्या दिवशी ते पुटपुटून भागले होते. आज ओठ नीट, सावकाश, उघडउघड हलवावे लागणार होते. कल्लाप्पाने मान वर केली. “पोरगी झाली. मेलेलीच झाली.”

वस्ताद त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “परत सांग.”

त्यांना कळले नव्हते की कळून घ्यायचे नव्हते, कोण जाणे. कल्लाप्पाने पुन्हा सांगितले. या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ओठ थरथरले तर वस्तादांना शब्द लागणार नाहीत म्हणून त्याने ते घट्ट सावरून धरले होते.

“आणि मी काय म्हणलो?” वस्तादांनी विचारले.

“चौदाचा पाना दे म्हणलासा.”

वस्तादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. तेलाने काळे झालेले ते हात बराच वेळ तोंडावरून निघाले नाहीत. निघाले तेव्हा ते कल्लाप्पाकडे न बघता, जमिनीशी बोलावे तसे बोलू लागले.

“मला वाटलं, पोर आजोळी वाढतंय. तू दाखवायला आणत न्हाईस. म्हणलं, ह्याला मी नकोसा झालोय, काय तरी चुकलं असंल माझं. घरचं विचारलं तर तू हाय की म्हणायचास. मग म्हणलं, कशाला विचारायचं? बोलायचं असंल तवा बोलंल. आता तर साळंत जात असंल, असं धरून बसलो हुतो.”

ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी पत्र्याखालच्या फळीवरचे एक गोणपाटाचे बोचके खाली काढले. ते बोचके कल्लाप्पा रोज पाहत आला होता आणि त्यात भंगार असेल असे समजत आला होता. वस्तादांनी गोणपाट सोडले. आत एक पांगुळगाडा होता. सागाचा, घासून गुळगुळीत केलेला, धरायची दांडी लहान मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. त्याला तीन चाके होती आणि तिन्ही चाके म्हणजे गाडीची कोरी, न वापरलेली बेअरिंगे होती, पुसून चकचकीत ठेवलेली.

“तुझी मंडळी म्हायेराला गेली तवा केला,” वस्ताद म्हणाले. “दर दसऱ्याला, तुमी समदी घरी गेल्यावर, हेबी पुसतोय, ग्रीस भरतोय. पोर मोठं झालं असंल, आता ह्याचा उपेग न्हाई, एवढं कळतंय. पण टाकवंना.”

घरी जाऊन बायकोला हे कसे सांगायचे, हे कल्लाप्पाला कळत नव्हते. तिनेही इतकी वर्षे या माणसाचा मनोमन द्वेष केला होता, आणि तो द्वेष तिला त्यानेच शिकवला होता. त्याने वस्तादांचे गुडघे धरले आणि वर बघत विचारले, “आता ह्याला काय करायचं, वस्ताद?”

प्रश्न पांगुळगाड्याबद्दलचा नाही, वाया गेलेल्या वर्षांबद्दलचा आहे, हे वस्तादांना समजले. “चाकाचं बेअरिंग दुकानात मिळतंय,” ते म्हणाले. “ह्याचं मिळत न्हाई, लेका.”

रस्त्यावर संध्याकाळची एसटी येऊन थांबली. कंडक्टरने हाक दिली, घंटा वाजवली. ती कल्लाप्पाला ऐकू आली, वस्तादांना आली नाही. एसटी निघून गेली. पिशवी खिळ्याला तशीच टांगलेली राहिली. तो थांबला म्हणून गेलेले काही परत आले असे कुणी समजू नये. वस्तादांचे कान आले नाहीत, ती वर्षे आली नाहीत, आणि ज्या मुलीसाठी दोन माणसांनी एकाच छपराखाली एकेकट्याने दुःख केले तीही आली नाही. बदलला तो फक्त एक रिवाज. त्या गॅरेजात आजही कुणाला वस्तादांशी काही बोलायचे असले तर कल्लाप्पा त्याला दंडाला धरून फिरवून आणतो आणि त्यांच्या तोंडासमोर उभा करतो. आपल्या घरीदारी अशी एखादी पाठ असेल तर तिला वळसा घालून एकदा समोर जाऊन बघावे, यापेक्षा अधिक काही या कथेतून सांगता येण्यासारखे नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी दोघे पांगुळगाडा मध्ये ठेवून समोरासमोर बसून होते. अंधार पडू लागला तेव्हा कल्लाप्पाने सवयीने एक हात लाकडावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने पुढचे चाक फिरवले. बोटांना त्याने खरखर शोधली. ती कुठेच नव्हती. ते चाक एक पाऊलसुद्धा चाललेले नव्हते, झिजणार कशाने?